सांगडीपासून लाइफ जॅकेटपर्यंत

'सांगड' हा शब्द आज आपण सभा-संमेलनांत ऐकतो. परंपरा आणि आधुनिकता यांची सांगड, नोकरी आणि संसार यांची सांगड. मुळात हा शब्द पाण्यातला आहे. दोन होड्या, दोन ओंडके किंवा दोन सुके भोपळे एकमेकांना बांधून त्यांच्या आधाराने पाणी उतरून जायचे, त्या जोडणीला सांगड म्हणत. मोल्सवर्थच्या कोशात तिचा हा अर्थ नोंदलेला आहे. पूल नव्हते तेव्हा पावसाळ्यात नद्या दुथडी भरल्या की माणसे आणि सामान सांगडीवरून पलीकडे जात असे. पुढे साधन गेले आणि शब्द तेवढा राहिला.

पाण्याशी जोडलेली आपली भाषा आणखीही बरेच सांगते. पोहणाऱ्याच्या कमरेचे धोतर धरून त्याच्या मागोमाग तरून जाणे म्हणजे त्याच्या 'कासेला लागणे'. संतांनी हा वाक्प्रचार भवसागरासाठी वापरला, पण त्याआधी तो चंद्रभागेचा, कृष्णेचा, गोदेचा होता. विहिरीत पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला सुका भोपळा किंवा पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा बांधत. पुढे त्याच्या जागी तुपाचा रिकामा डबा आला आणि त्यानंतर ट्रकच्या चाकाची ट्यूब. आज गेटवेच्या लाँचवर किंवा तारकर्लीच्या होडीत आपल्यापुढे येणारे नारिंगी लाइफ जॅकेट याच कुळातले आहे. मात्र बिंड्यापासून जॅकेटपर्यंतचा प्रवास केवळ हलक्या पदार्थाच्या शोधाचा नाही. तरंगणारी वस्तू माणसाला फार पूर्वी सापडली होती. ती बुडण्याच्या क्षणी माणसाच्या अंगावर कशी असेल, हा प्रश्न मात्र अवघड ठरला. तो सोडवायला दोनशे वर्षे लागली आणि आजही तो पूर्ण सुटलेला नाही. त्या प्रयत्नांचा मागोवा घेण्याचा हा प्रयत्न आहे.

धरायचे साधन

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये असिरियाचा राजा दुसरा अशुरनासिरपाल याच्या निमरूद येथील राजवाड्यातली शिल्पे आहेत. ती इसवी सनापूर्वी नवव्या शतकातली. त्यातल्या एका शिल्पपटात काही माणसे नदी पोहून जाताना दिसतात. काहींच्या पोटाखाली फुगवलेले कातडे आहे आणि त्याचे तोंड त्यांनी आपल्या तोंडात धरले आहे. हवा कमी झाली की पुन्हा फुंकायची, अशी ती युक्ती असावी. आपल्याकडे पंजाबात सतलज आणि बियास नद्यांवर फुगवलेल्या कातड्यांवरून नदी उतरण्याची पद्धत अगदी अलीकडच्या काळापर्यंत होती.

कातडे, भोपळा, बिंडा, ओंडका या सगळ्यांचे काम एकाच नियमावर चालते. माणसाचे शरीर जवळजवळ पाण्याइतकेच जड असते. छातीत हवा भरलेली असेल तर ते जेमतेम तरंगते, हवा सोडली की खाली जाऊ लागते. म्हणजे माणसाला बुडू न देण्यासाठी फार मोठा आधार लागत नाही. अडचण असते ती डोक्याची. चार-पाच किलोचे डोके पाण्याबाहेर, नाकातोंडासकट, ठेवायचे तर तेवढ्याच वजनाचा जादा उचल देणारा आधार हवा. नदी शांत असेल, अंतर थोडे असेल आणि हातात बळ असेल तर भोपळा तो देतो. पण या साऱ्या साधनांत एक उणीव समान आहे. ती धरावी लागतात. हात थकला, बोटे बधिर झाली, लाटेने झटका दिला की साधन एकीकडे आणि माणूस दुसरीकडे. पोरांच्या पाठीला भोपळा बांधणाऱ्या आयाबापांना ही गोष्ट ठाऊक होती, म्हणून तर ते तो हातात देत नसत, बांधत. समुद्रावर जाणाऱ्या मोठ्या माणसांना मात्र हेच शहाणपण यायला बराच काळ जावा लागला.

ल्यायचे साधन

अठराव्या शतकात युरोपात बुचाचे अंगरखे करून पाहण्याची हौस काही जणांना लागली. बूच म्हणजे भूमध्य समुद्राच्या परिसरात वाढणाऱ्या एका ओक झाडाची साल. ती हलकी असते, पाणी शोषत नाही आणि एक किलो बूच पाण्यात साधारण तीन-चार किलोचा भार उचलून धरते. फ्रान्समधील ला शापेल नावाच्या धर्मगुरूने १७७५ मध्ये अशा पोशाखावर एक ग्रंथच प्रसिद्ध केला. त्याने त्याला 'स्काफांद्र' असे नाव दिले. ग्रीक शब्दांवरून बनवलेल्या या नावाचा अर्थ होतो 'होडी-माणूस'. माणसाने होडीत बसण्याऐवजी स्वतःच होडी व्हायचे, ही कल्पना त्यात होती. धरण्याच्या साधनाकडून ल्यायच्या साधनाकडे जाणारी ही वाट होती, पण ती बराच काळ प्रयोगांपुरती राहिली.

ती रोजच्या उपयोगात आली इंग्लंडच्या किनाऱ्यावर. तिथे वादळात सापडलेल्या जहाजांवरची माणसे सोडवायला वल्ह्यांच्या होड्या घेऊन जाणारी स्वयंसेवकांची पथके होती. बहुतेक कोळी. या कामाची देखरेख करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचे निरीक्षक कॅप्टन वॉर्ड यांनी १८५४ मध्ये एक जाकीट तयार केले. कॅनव्हासच्या पट्ट्यावर बुचाचे अरुंद ठोकळे ओळीने शिवलेले होते. ठोकळे वेगवेगळे असल्यामुळे अंग वाकवता येत असे आणि वल्हे मारता येत असे. तरीही ते अवजड होते. अनुभवी खलाशी त्याकडे काहीशा तुच्छतेने पाहत. समुद्रावर आयुष्य घालवलेल्या माणसाला असे काही अंगात घालणे कमीपणाचे वाटावे, हे आपल्याही किनाऱ्यावर समजण्यासारखे आहे.

९ फेब्रुवारी १८६१ रोजी इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर मोठे वादळ झाले. व्हिट्बी या गावचे पथक त्या दिवशी पाच वेळा समुद्रात गेले आणि परतले. सहाव्या वेळी एका मोठ्या लाटेने त्यांची होडी उलटली. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या गावकऱ्यांच्या डोळ्यांदेखत तेरा जणांपैकी बारा बुडाले. वाचला तो हेन्री फ्रीमन. नव्या नमुन्याचे बुचाचे जाकीट अंगात असलेला त्या होडीतला तो एकटाच होता. त्याला रौप्यपदक मिळाले आणि पुढे कित्येक वर्षे तो त्याच कामात राहिला. बुचाचे जाकीट घातलेले त्याचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. दाढीवाला, रुंद छातीचा, हातांची घडी घातलेला. तेरात एक, या हिशेबाने जे पटवून दिले ते कोणत्याही निरीक्षकाच्या फर्मानाने पटले नसते. त्यानंतर पथकांनी जाकिटे घालण्याची कुरकुर हळूहळू कमी झाली.

कुजलेले बूच

जाकीट वाचवते हे एकदा सिद्ध झाल्यावर सरकारांनी कायदे केले. अमुक प्रवाशांसाठी अमुक जाकिटे असलीच पाहिजेत. त्याबरोबर एक नवा रोग जन्माला आला. जाकीट आता मोजायची वस्तू झाली.

त्याचे सर्वांत भीषण उदाहरण न्यूयॉर्कचे. १५ जून १९०४ रोजी 'जनरल स्लोकम' ही चाकांची आगबोट ईस्ट नदीतून सहलीला निघाली होती. मॅनहॅटनमधल्या जर्मन वस्तीतल्या एका चर्चने वार्षिक सहलीसाठी ती भाड्याने घेतली होती. तेराशेहून अधिक माणसे, त्यांत बहुसंख्य बायका आणि मुले. वाटेत बोटीला आग लागली. जाकिटांची संख्या पुरेशी होती. ती डेकच्या वर, तारांच्या मांडणीत, बोट बांधली तेव्हापासून म्हणजे १८९१ पासून तेरा वर्षे ऊनपाऊस खात पडलेली होती. कॅनव्हास हाताने ओढताच फाटत होते आणि आतल्या बुचाचा भुगा झाला होता. आयांनी आपल्या मुलांना जाकिटे बांधून पाण्यात सोडले आणि ती मुले डोळ्यांसमोर सरळ तळाशी गेली. त्या दिवशी एक हजाराहून अधिक माणसे मेली.

चौकशीत दोन गोष्टी बाहेर आल्या. एक म्हणजे अपघातापूर्वी साधारण सव्वा महिना आधी सरकारी निरीक्षकाने बोट तपासून तिला योग्य ठरवले होते. दुसरी अधिक चक्रावणारी. जाकिटात सहा पौंड चांगले बूच असावे असा नियम होता. बूच कमी भरून वजन भरून काढण्यासाठी ठोकळ्यांत लोखंडी पट्ट्या घातल्याचे एका कारखान्याच्या मालात आढळले. तरंगण्याच्या वस्तूत लोखंड. नियम वजनाचा होता, वजन पुरे केले गेले. शिक्षा झाली ती एकट्या कप्तानाला.

आठ वर्षांनी 'टायटॅनिक' बुडाली. तिच्यावर जाकिटे साडेतीन हजारांच्या घरात होती, माणसे साधारण बावीसशे. ती जाकिटे चांगली होती आणि त्यांनी माणसांना तरंगते ठेवलेही. पण जीवनौकांत जागा केवळ ११७८ जणांना होती आणि पाणी शून्य अंशाच्याही खाली होते. बहुतेक लोक बुडून मेले नाहीत, गारठून मेले. जाकीट बुडण्यापासून वाचवते, थंडीपासून नाही. मागोमाग मदत आली पाहिजे, हा धडा जगाने तेव्हा घेतला आणि १९१४ मध्ये समुद्रावरील जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला.

सावर आणि रुई

बुचाचे दोष सर्वांना दिसत होते. ते ताठ होते, अवजड होते आणि उंचावरून पाण्यात उडी मारली तर ठोकळे हनुवटीवर आदळत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याची जागा कापोकने घेतली. इंग्लंडच्या जीवरक्षक पथकांत ती जाकिटे १९०४ पासून आली.

कापोक आपल्याला अगदीच परका नाही. फाल्गुनात निष्पर्ण होऊन लाल फुलांनी पेटणारी काटेसावर आपल्या डोंगरांत सगळीकडे आहे. तिच्या बोंडांतला रेशमासारखा कापूस उशा भरायला वापरतात. कापोक हा तिच्याच कुळातल्या पांढऱ्या सावरीचा कापूस. त्याचा प्रत्येक तंतू म्हणजे हवेने भरलेली बारीक नळी असते आणि तिच्यावर मेणाचा थर असतो. त्यामुळे साधा कापूस पाणी पितो तसा तो पीत नाही. आपल्या वजनाच्या वीस-तीस पट भार तो पाण्यात तोलून धरतो. उत्तम कापोक जावा बेटातून येत असे.

१९४२ मध्ये जपानने जावा घेतले आणि दोस्तराष्ट्रांचा कापोक बंद झाला. समुद्रावर लढाई चालू असताना जाकिटांत भरायला काही नाही, अशी वेळ आली. तेव्हा अमेरिकेने आपल्या माळरानावरच्या एका रानटी झुडपाकडे नजर वळवली. मिल्कवीड. आपल्या रुईच्या कुळातले हे झाड. रुईचे फळ उकलले की त्यातून पांढऱ्या रेशमाच्या 'म्हाताऱ्या' उडू लागतात आणि पोरे त्यांच्यामागे धावतात. तसलेच रेशमी तंतू मिल्कवीडलाही येतात आणि तेही पोकळ असतात. अमेरिकेत आणि कॅनडात शाळेतल्या मुलांना ती बोंडे गोळा करायला सांगण्यात आले. दोन पोती बोंडे म्हणजे एक जीव, अशी घोषणा होती. मिशिगन राज्यातल्या पिटॉस्की गावी ती बोंडे वेगळी करण्याचा कारखाना उभा राहिला. मुलांनी भरलेली पोती आगगाडीने तिथे जात आणि तिथून निघालेले तंतू नाविकांच्या जाकिटांत भरले जात.

बेशुद्ध माणसाची परीक्षा

वैमानिकांना कापोकचे जाडजूड जाकीट घालून अरुंद आसनात बसणे कठीण होते. त्यांच्यासाठी हवेने फुगणारे जाकीट होते. अमेरिकेतील पीटर मार्कस यांनी १९२८ मध्ये अशा जाकिटाचे पेटंट घेतले. एरवी ते सपाट असे. पाण्यात पडल्यावर कार्बन डायऑक्साइडच्या लहान नळकांड्याने किंवा तोंडाने फुंकून ते फुगवायचे. फुगल्यावर छातीवर जो आकार येई त्यावरून सैनिकांनी त्याला त्या काळच्या मे वेस्ट या प्रसिद्ध नटीचे नाव दिले.

जाकिटे होती, ती अंगात होती, फुगतही होती. तरी समुद्रात पडलेले कित्येक वैमानिक मेलेले सापडत. त्यांच्या अंगातले जाकीट तरंगत असे आणि तोंड पाण्यात असे. विमान कोसळताना डोक्याला मार बसलेला, भाजलेला, थंडीने शुद्ध हरपलेला माणूस पाण्यात काय करतो? तो काहीच करत नाही. मान टाकतो. आजवरची सगळी जाकिटे हातपाय हलवणाऱ्या, शुद्धीवरच्या माणसावर तपासली गेली होती.

याचे उत्तर शोधण्याचे काम ब्रिटिश हवाईदलासाठी भूलतज्ज्ञ सर रॉबर्ट मॅकिन्टॉश आणि डॉ. एडगर पास्क यांच्याकडे आले. बेशुद्ध माणसावर जाकीट तपासायचे तर बेशुद्ध माणूस हवा. पास्क स्वतः तयार झाले. त्यांना ईथरने खोल भूल देण्यात येई, श्वासनलिकेत नळी घालण्यात येई आणि निरनिराळी जाकिटे घालून त्यांचा देह पोहण्याच्या तलावात सोडण्यात येई. कडेला उभी असलेली माणसे पाहत की तोंड वर येते की खाली जाते, लाट आल्यावर काय होते, देह उलटा पडला तर आपोआप सुलटा होतो की नाही. हे एकदा नव्हे, पुन्हापुन्हा झाले. या चाचण्यांची हकिगत युद्ध संपल्यावर, १९५७ मध्ये, वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. कधी विमान न चालवलेला हवाईदलातला सर्वांत शूर माणूस, असे पास्क यांच्याविषयी म्हटले गेले.

त्या तलावात जे कळले ते आजच्या चांगल्या जाकिटाच्या घडणीत दिसते. आधार पाठीपेक्षा छातीवर जास्त असला पाहिजे, म्हणजे देह आपोआप उताणा होतो. मानेभोवती जाड कॉलर हवी, म्हणजे डोके मागे टेकून राहते आणि तोंड वर येते. आपल्या विहिरीतला बिंडा पाठीला बांधलेला असे. हातपाय मारायला शिकणाऱ्या मुलासाठी ते योग्यच होते. शुद्ध हरपलेल्या माणसाला मात्र तोच बिंडा तोंडघशी पाडेल. पोहायला शिकवणारे साधन आणि जीव वाचवणारे साधन यांतला फरक इथे आहे.

रामदास

आपल्या किनाऱ्याच्या आठवणीत एक नाव कायमचे कोरलेले आहे. १७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला महिना उरला होता. आषाढी अमावस्येचा, म्हणजे गटारीचा दिवस. १९३६ मध्ये बांधलेली 'रामदास' ही आगबोट सकाळी आठच्या सुमारास भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघाली. गावी सणाला जाणाऱ्या माणसांनी ती भरलेली होती. मुंबई बंदराबाहेर काशाच्या खडकाजवळ वादळी लाटेने ती कलली. पाऊस आणि वारा टाळायला माणसे एका बाजूला सरकली आणि काही मिनिटांत बोट उलटून बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते. मुंबईला बातमी पोहोचली ती पाण्यातून बाहेर पडलेल्या माणसांकडून. रेवसच्या बाजूने येणाऱ्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत जेवढे घेता आले तेवढे जीव घेतले.

'रामदास'विषयी आपल्याकडे बरेच लिहिले गेले आहे. त्यात दोष कुणाचा, बोट जुनी की नवी, हवामानाचा इशारा होता की नव्हता, यांवर वाद आहेत. या लेखाच्या दृष्टीने तिचा एकच तपशील महत्त्वाचा आहे, तो म्हणजे वेळेचा. 'टायटॅनिक' बुडायला अडीच तासांहून अधिक वेळ लागला. तेवढ्या वेळात जाकिटे वाटता आली, घालता आली, बंद बांधता आले. किनाऱ्यालगतच्या लहान बोटींना असा वेळ मिळत नाही. त्या बुडत नाहीत, उलटतात. उलटणाऱ्या बोटीत फळीवर ठेवलेले जाकीट किती आहे याला काही अर्थ उरत नाही. गर्दीत उभ्या असलेल्या, मूल कडेवर घेतलेल्या बाईने ते कसे काढायचे, कसे घालायचे आणि पट्टा कुठे अडकवायचा?

गेटवे, हरणी, उजनी

१८ डिसेंबर २०२४ रोजी दुपारी चारच्या सुमारास गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर नौदलाची एक स्पीड बोट आदळली. त्या बोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती आणि तिच्यावरचा ताबा सुटला. 'नीलकमल'वर शंभराहून अधिक प्रवासी होते. पंधरा जणांचा मृत्यू झाला, त्यांत लहान मुलेही होती. वाचलेल्या प्रवाशांनी सांगितले की टक्कर होईपर्यंत बहुतेकांच्या अंगात जॅकेट नव्हते. बोटीत पाणी शिरू लागल्यावर ती घालायला सांगण्यात आले. दुसऱ्याच दिवसापासून गेटवेवर प्रत्येक प्रवाशाने जॅकेट घातल्याशिवाय बोट सोडायची नाही, असा दंडक झाला.

त्याच वर्षी १८ जानेवारीला वडोदऱ्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची बोट उलटली होती. बारा मुले आणि दोन शिक्षिका गेल्या. मोजक्याच मुलांच्या अंगात जॅकेट होते. मे महिन्यात उजनी धरणाच्या जलाशयात कुगावहून कळाशीला निघालेली बोट अचानक सुटलेल्या वाऱ्याने उलटली आणि सहा जण बुडाले. या तिन्ही ठिकाणी पाणी ओळखीचे होते. किनारा दिसत होता. अशाच पाण्यात आपण निर्धास्त असतो. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०२२ साली तिथल्या हौशी नौकाविहारातल्या मृत्यूंची नोंद केली. त्यात बुडून मेलेल्यांपैकी ८५ टक्के लोकांच्या अंगात जॅकेट नव्हते. त्या देशात जॅकेटांचा तुटवडा नाही. पुष्कळदा ते होडीतच असते, बाकाखाली.

मग जॅकेट घालायचे तर कोणते? आज त्यांची प्रतवारी न्यूटन या मापात करतात. दहा न्यूटन म्हणजे साधारण एक किलोचा उचल. ५० न्यूटनचे साधन पोहता येणाऱ्या, किनाऱ्याजवळ असलेल्या आणि मदत हाताशी असलेल्या माणसासाठी. कयाकवर दिसतात ती पातळ जाकिटे या जातीची. ती बेशुद्ध माणसाला उताणे करत नाहीत. पोहता न येणाऱ्याला किमान १०० न्यूटनचे, कॉलर असलेले जॅकेट हवे. उघड्या समुद्रावर १५० आणि जड कपडे किंवा अवजारे अंगावर असतील तर २७५. माप माणसाच्या वजनावरून ठरते. मोठ्याचे जॅकेट लहान मुलाला घातले तर पाण्यात जॅकेट वर जाते आणि मूल त्यातून खाली निसटते. म्हणून मुलांच्या जॅकेटला मांड्यांमधून जाणारा पट्टा असतो आणि तो बांधलाच पाहिजे. परीक्षा सोपी आहे. सगळे बंद लावून झाल्यावर जॅकेट खांद्यांशी धरून वर उचलायचे. ते कानांपर्यंत सरकले तर माप चुकले किंवा बंद ढिले आहेत.

फोमची जॅकेटे कापोकसारखी पाणी पीत नाहीत, पण त्यांनाही वय असते. वर्षानुवर्षे त्यांवर बसले, उशाला घेतले, उन्हात टाकले की आतला फोम चपटा आणि ठिसूळ होतो आणि त्यातली हवा जाते. विटलेला रंग, उसवलेली शिवण, तुटलेली बकले ही 'जनरल स्लोकम'च्या मांडणीतलीच वंशावळ आहे. शिट्टी शोभेसाठी नसते. लाटांत माणसाचा आवाज पोहोचत नाही, शिट्टीचा पोहोचतो.

जॅकेट हा सर्व संकटांवरचा उपाय नाही, हेही सांगितले पाहिजे. १९९६ मध्ये इथिओपियाचे अपहृत विमान कोमोरो बेटांजवळ समुद्रात कोसळले. काही प्रवाशांनी आतच आपली जॅकेटे फुगवली होती. विमानात पाणी भरल्यावर ते छताला चिकटले आणि दारापर्यंत पोहोचू शकले नाहीत. म्हणूनच विमानात जॅकेट बाहेर पडल्यावर फुगवा, असे दर वेळी सांगतात. छप्पर असलेल्या, दोन मजली बोटीत फोमचे जॅकेट घातलेल्या माणसाला हा धोका असतो. अशा बोटीत बाहेर पडायची वाट कुठे आहे, हे बसण्याआधी पाहून ठेवणे आणि क्षमतेबाहेर भरलेल्या बोटीत पाय न टाकणे याला पर्याय नाही.

कमीपणा

एक प्रश्न उरतो. एवढे सगळे कळूनही माणसे जॅकेट का घालत नाहीत? कारणे खरी आहेत. ते गरम होते. कोकणच्या ऑक्टोबरात तर अंगाला चिकटते. दहा जणांच्या घामाचा वास येतो. फोटो बिघडतो. रोज समुद्रावर जाणाऱ्या कोळ्याला जाळे ओढताना ते अडते. त्याला सोसेल असे, मानेभोवती बसणारे फुगते जॅकेट निघाले आहे, पण त्याची किंमत आणि नळकांड्याची निगा हा वेगळा खर्च आहे. या सगळ्यांहून मोठे कारण मात्र व्हिट्बीच्या खलाशांचेच आहे. जॅकेट मागणे म्हणजे तांडेलावर अविश्वास दाखवणे, भित्रेपणा करणे, सहलीची मजा घालवणे, असे आपल्याला वाटते. कुणी घातलेले नसताना एकट्याने घालायची लाज वाटते. सगळ्यांनी घातले की ती लाज नाहीशी होते, हे गेटवेवर दंडक झाला तेव्हा दिसले.

दंडक सैल होतात. अपघाताची आठवण पुसली जाते, हंगामाची गर्दी वाढते आणि जॅकेटे पुन्हा कोपऱ्यात ढीग होऊन पडतात. तपासनीस येतो, मोजतो, आकडा बरोबर निघतो. 'जनरल स्लोकम'वरही आकडा बरोबरच होता. म्हणून या दिवाळीच्या सुट्टीत मालवणला, घारापुरीला, कोयनेच्या शिवसागरात किंवा आणखी कुठे होडीत बसणार असाल तर दोर सुटण्याआधी जॅकेट मागून घ्या. मुलांचे मुलांच्या मापाचे आहे ना, पहा. आतला फोम दाबून बघा, बकले लावून बघा, खांद्यांशी धरून उचलून बघा. दोन मिनिटांचे काम आहे. तांडेल हसला तर हसू द्यावे. होडी धक्क्याला लागलेली असते तोवरच या गोष्टीला वेळ असतो.